बाळाला डोस द्यायचा की नाही?

  

आम्ही बचत गटांचं काम पाहतो. महिन्याची बैठक, बचतीचा हिशेब, कर्जाचे हप्ते, बँकेच्या चकरा हे आमचं रोजचं काम. तुम्ही म्हणाल, आज या ताया हप्त्यांचं सोडून लसीकरणावर कशा बोलायला लागल्या? ते काम तर सिस्टरचं आणि आशाताईचं. तेही खरंच आहे. पण बाळाला लस द्यायची की नाही, हे उपकेंद्रात ठरत नाही. ते घरात ठरतं. कधी चुलीपुढं ठरतं, कधी मध्यरात्री बाळ रडायचं थांबत नाही तेव्हा ठरतं. आणि त्या घरातली बाई आमच्या बैठकीत बसलेली असते. म्हणून हा विषय आमचाही आहे. शिवाय या बाबतीत आमच्या हातून एक चूक झालेली आहे. आधी ती सांगतो.

आमच्या एका गटातली सभासद आहे. तिचं नाव सांगत नाही. ही गोष्ट रेडिओवर सांगा, असं तिनंच आम्हाला सांगितलं. बारावी झालेली, हिशेबाला पक्की. होळीच्या सुमारास तिला दुसरी मुलगी झाली. दवाखान्यातच जन्माच्या वेळचे डोस झाले, म्हणजे बीसीजी, पोलिओचे थेंब आणि कावीळ ब. दीड महिना झाल्यावर ती बाळाला अंगणवाडीत घेऊन गेली. त्या दिवशी बाळाला तीन सुया टोचल्या आणि दोन डोस तोंडानं दिले. संध्याकाळी बाळ तापलं. मांडी सुजली, पायाला हात लागला की किंचाळायचं. सासूबाई म्हणाल्या, "चांगलं खेळतं लेकरू नेलंस आणि आजारी करून आणलंस." रात्री अकरा वाजता नवऱ्यानं मोटारसायकल काढली आणि तालुक्याच्या खाजगी दवाखान्यात नेलं. दवाखान्याचे पैसे गेले, दुसऱ्या दिवशीची दोघांची मजुरी बुडाली. बाळ दुपारी हसायला लागलं, पण घरात जे बोलणं व्हायचं ते होऊन गेलं.

अडीच महिन्यांचा डोस आला तेव्हा ती म्हणाली, "बघू पुढच्या महिन्यात." साडेतीन महिन्यांच्या वेळी ती माहेरी होती. आशाताईनं आमच्या कानावर घातलं. आणि आम्ही काय केलं? भर बैठकीत, दहा-बारा बायकांसमोर तिला बोललो. "बारावी शिकलेली तू, तुला एवढं कळत नाही का?" एवढ्यावर थांबलो नाही. "पुढच्या कर्जाच्या वेळी बघू," असंही बोलून गेलो. गटाचा असा काही नियम नव्हता आणि आजही नाही. रागाच्या भरात तोंडातून गेलं.

ती काही बोलली नाही. पुढच्या दोन बैठकांना आली नाही, बचत जावेच्या हाती पाठवून दिली. दसरा झाला, मुकादमाची गाडी आली आणि नवरा-बायको दोन्ही मुली घेऊन ऊसतोडीला गेले.

माघात जावेला फोन आला. फडाजवळच्या कोप्यांमध्ये गोवर निघाला होता. हिची धाकटी तेव्हा अकरा महिन्यांची. अंगभर पुरळ, डोळे लाल, ताप. गोवर आहे, आपोआप उतरेल, म्हणून दोन दिवस कोपीतच ठेवलं, उशाला कडुलिंबाचा पाला ठेवला. तिसऱ्या दिवशी बाळाला धाप लागली. सरकारी दवाखान्यात न्यूमोनिया निघाला. नऊ दिवस बाळ दाखल होतं. वाचलं. पण मुकादमानं त्या दिवसांचे खाडे धरले आणि घेतलेली उचल त्या हंगामात फिटली नाही.

पाडव्याला ती परत आली. आम्ही भेटायला गेलो. मुलगी वाळून गेली होती, एक कान वाहत होता. आम्हाला वाटलं, आता ही आम्हाला चार शब्द सुनावणार. तिनं चहा केला. मग म्हणाली, "ताई, तुम्ही रागावलात ते चुकीचं नव्हतं. पण रात्री ताप आला तर काय करायचं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि पुन्हा ताप आला असता, तर घरात माझ्या बाजूनं कोण बोललं असतं?"

मैत्रिणींनो, तिच्या या दोन प्रश्नांसाठीच आजचं बोलणं आहे. ताप आला तर काय करायचं, आणि आईच्या बाजूनं कोण बोलायचं.

त्यानंतर आम्ही आमच्या सगळ्या गटांत हा विषय घेतला. बोलायचं कमी आणि ऐकायचं जास्त, असं ठरवून घेतला. तेव्हा कळलं, की लस नकोच म्हणून हटून बसलेली घरं अगदी थोडी. बाकीच्या घरांचं कारण वेगळंच. कुणी म्हणाली, मालकांना विचारून सांगते म्हटलं आणि मालक घरी आले तोवर वार निघून गेला. कुणी म्हणाली, त्या दिवशी खुरपणीची मजुरी होती. कुणी म्हणाली, पहिला डोस चुकला, आता गेलं तर सिस्टर बोलतील म्हणून पाऊलच उचललं नाही. एकीनं सांगितलं, तीन-तीन सुया बघून माझाच जीव घाबरा होतो. आणि जवळजवळ प्रत्येकीच्या बोलण्यात एकदा तरी तो ताप आला.

तेव्हा आधी तापाचंच बोलू.

लस म्हणजे रोगाच्या जंतूचा मेलेला, अशक्त केलेला किंवा तुकडा करून घेतलेला भाग. तो शरीराला दाखवायचा, म्हणजे खरा रोग आला की शरीर त्याला ओळखतं. गावात गस्त घालणाऱ्यांना चोराचा चेहरा आधीच दाखवून ठेवावा, तसंच. ही ओळख पटवताना काही बाळांना एक-दोन दिवस ताप येतो, टोचलेली जागा लाल होते, सुजते, बाळ चिडचिड करतं. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटाव्हॅलंट नावाची जी सुई डाव्या मांडीत देतात, तिच्यानंतर हे जास्त दिसतं. या एका सुईत पाच रोगांवरची लस असते. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब. हिब हा जंतू लहान बाळांना न्यूमोनिया आणि मेंदूज्वर करतो. ताप आला नाही, तर लस लागू पडली नाही असंही समजू नका. काही बाळांना येतो, काहींना येत नाही.

त्या रात्री काय करायचं? बाळाला अंगावर पाजत राहायचं, नेहमीपेक्षा थोडं जास्त. अंगावर फार कपडे, दुपटी गुंडाळायची नाहीत. सुजलेल्या जागी स्वच्छ फडकं गार पाण्यात भिजवून, पिळून ठेवायचं. ती जागा चोळायची नाही. हळद, तेल, मलम काही लावायचं नाही. तापाचं पॅरासिटामॉल औषध किती आणि किती वेळानं द्यायचं, हे सिस्टरला तिथंच विचारून घ्यायचं, कारण ते बाळाच्या वजनावर असतं. थोरल्या मुलाची उरलेली बाटली आपल्या अंदाजानं द्यायची नाही. आणि घरात आधीच सांगून ठेवायचं, की आज रात्री बाळ तापेल, रडेल, उद्या-परवा बरं होईल. आधी सांगितलेला ताप आणि अचानक आलेला ताप, यांत घरच्यांच्या दृष्टीनं फार फरक असतो.

मग दवाखान्यात कधी पळायचं? ताप दोन दिवसांच्या वर गेला, बाळाला झटके आले, बाळ सलग तीन तास रडतंच राहिलं, अंग टाकून पडलं, दूध ओढेना, किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर अजिबात थांबायचं नाही. दवाखाना गाठायचा आणि आशाताईला फोन करायचा. लसीची जोराची ॲलर्जी दहा लाख डोसांमागे एखाद्याला होते. फार क्वचित होते, पण होऊ शकते, हे आम्ही लपवणार नाही. ती बहुतेक वेळा टोचल्यावर लगेचच दिसते. म्हणूनच लस दिल्यावर अर्धा तास तिथंच बसायला सांगतात. तो अर्धा तास चुकवू नका. घाई असली तरी बसा.

बीसीजीचंही सांगून ठेवतो. जन्मानंतर डाव्या दंडावर ही लस देतात. काही आठवड्यांनी तिथं पुटकुळी येते, कधी थोडा पू होतो, मग खपली धरून व्रण राहतो. पुष्कळ आया घाबरतात. ते तसंच व्हायचं असतं. त्याला मलमपट्टी करायची नाही, दाबायचं नाही.

तीन सुयांची भीती असेल तर एवढं लक्षात ठेवा. दीड आणि साडेतीन महिन्यांना सुया तीन असतात, मधल्या अडीच महिन्यांना एकच. एका दिवशी तीन दिल्यानं बाळाला धोका नसतो. वेगवेगळ्या दिवशी दिल्या तर बाळ तीनदा रडेल आणि आईची मजुरी तीनदा बुडेल. आणि ज्यांचा डोस चुकला आहे त्यांनी हे नीट ऐका. उशीर झाला म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. जिथं थांबलं तिथून पुढं चालू होतं. साधी सर्दी, थोडा खोकला, किंचित अंग गरम असलं तरी डोस देता येतो. द्यायचा की थांबायचं, ते सिस्टरला ठरवू द्या. घरी बसून आपणच ठरवू नका.

आता दुसरा प्रश्न. आईच्या बाजूनं कोण बोलणार?

आपल्याकडं तान्ह्या बाळाचं बरंच काही आईच्या हातात नसतं. सासूबाई, आजेसासूबाई, नणंद, मालक, सगळ्यांचं बोलणं त्यात असतं. त्यांना बाजूला सारून काही होत नाही, आणि तसं करूही नये. म्हणून आम्ही एका बैठकीला मुद्दाम सासवांना बोलावलं. एक आत्याबाई आल्या, पंचाहत्तरीच्या पुढच्या. पहिलंच वाक्य म्हणाल्या, "आमच्या येळंला कुठं होती असली लस? वाढलीच की पोरं."

आम्ही वाद घातला नाही. एकीनं सहज विचारलं, "आत्या, तुम्हाला लेकरं किती झाली?"

"आठ."

"आणि हाताशी किती लागली?"

आत्याबाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "पाच." बाजूच्या मावशींना आम्ही न विचारताच त्यांनी बोटं मोजली. एकीचं डांग्या खोकल्यानं गेलेलं, खोकता खोकता निळं पडायचं. एकीचं सहाव्या-सातव्या दिवशी दातखीळ बसून गेलेलं. तो धनुर्वात होता, हे तेव्हा घरात कुणाला ठाऊक नव्हतं. एकीचं गोवरानं. त्या लेकरांची नावं त्यांना आठवत होती. कितीतरी वर्षांनी त्या नावं घेत होत्या.

१९७१ साली आपल्या देशात जन्मणाऱ्या हजार बाळांपैकी १२९ बाळं पहिल्या वाढदिवसापर्यंत जगत नव्हती. २०२० साली हा आकडा २८ वर आला. हे एकट्या लसीनं झालेलं नाही. दवाखान्यातली बाळंतपणं, पाणी, औषधं, आईचं खाणं, शिक्षण, सगळ्यांचा त्यात वाटा आहे. पण लसीचा वाटा मोठा आहे. गरोदरपणात आईला धनुर्वाताचं इंजेक्शन देतात, ते त्या दातखिळीसाठीच.

त्याच बैठकीत आत्याबाईंनी पदर सारून दंड दाखवला. देवीच्या लसीचे मोठे गोल व्रण. म्हणाल्या, "हे मात्र आमाला टोचलं होतं." देवीची आपल्या देशातली पहिली लस मुंबईत १८०२ साली एका तीन वर्षांच्या मुलीला दिली होती. तो रोग देशातून जायला १९७५ साल उजाडलं, आणि १९८० साली जगातूनच गेला म्हणून जाहीर झालं. आता ती लस कुणालाच द्यावी लागत नाही. पोलिओचंही आपण पाहिलं. आमच्या शाळेच्या वर्गात कुबडी घेऊन येणारी मुलं होती. देशातला शेवटचा पोलिओचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र मिळालं. आज आपल्या लेकीसुनांनी पोलिओ झालेलं बाळ पाहिलेलंच नाही. रोग डोळ्यांआड गेला की ताप तेवढा दिसतो, आणि लसच त्रासाची वाटायला लागते. म्हणून म्हाताऱ्या बायकांना बोलतं करा. त्यांनी ते रोग पाहिलेले आहेत. त्या दिवसानंतर त्या आत्याबाई स्वतः नातवाला काखेत मारून अंगणवाडीत जायला लागल्या.

मोबाइलवरच्या निरोपांचं काय करायचं, हे आम्हाला नेहमी विचारतात. २०१८ च्या नोव्हेंबरात राज्यात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम सुरू झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळा-अंगणवाड्यांतून ती लस दिली. तेव्हा व्हॉट्सॲपवर फिरत होतं, की ही सुई घेतली की पुढं मूल होत नाही. लोक घाबरले, काहींनी मुलांना शाळेतच पाठवलं नाही. त्यांना नुसतं अडाणी म्हणून भागत नाही. १९७५ ते ७७ च्या आणीबाणीत सक्तीनं नसबंद्या झाल्या, ते म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतं. सरकारी सुई आणि मूल न होणं ही जोडी त्या वेळेपासून मनात बसली आहे. भीतीचं मूळ कळलं तर बोलता येतं. त्या मोहिमेत मोठ्या वर्गातल्या ज्या मुलींनी ती लस घेतली, त्यांच्यातल्या कितीतरी आज लेकुरवाळ्या आहेत. आपल्याच गल्लीत बघा. उलट रुबेला हा रोग गरोदर बाईला झाला, तर बाळ बहिरं, डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन किंवा हृदयाचा दोष घेऊन जन्मू शकतं. ते टळावं म्हणूनच ही लस आहे.

गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या एकत्र लसीनं मूल बोलत नाही, त्याला स्वमग्नता येते, असंही फिरतं. ही गोष्ट १९९८ साली इंग्लंडमधल्या एका डॉक्टरच्या लेखातून सुरू झाली. तो लेख खोटा ठरला, छापणाऱ्या नियतकालिकानं २०१० साली मागे घेतला आणि त्या डॉक्टरचा व्यवसायाचा परवानाही गेला. नंतर अनेक देशांत लाखो मुलांवर तपासून पाहिलं, तसा काही संबंध आढळला नाही. पण लेख मागे घेतल्याचा निरोप आपल्या मोबाइलवर येत नाही. भीतीचाच तेवढा येतो.

आता आमच्या भागाचं सगळ्यात अवघड. नऊ महिन्यांचा डोस.

गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात, त्याआधी नाही. कारण आईकडून आलेलं संरक्षण बाळाच्या अंगात काही महिने असतं आणि तेवढ्यात दिलेली लस नीट लागू पडत नाही. नऊ महिन्यांच्या सुमारास ते संरक्षण संपत येतं आणि बाळ उघडं पडतं. आता हिशेब करा. होळीच्या सुमारास जन्मलेल्या बाळाला नऊ महिने होतात डिसेंबरात. वैशाखात जन्मलेल्याला फेब्रुवारीत. तेव्हा आपण कुठं असतो? फडावर. म्हणजे उन्हाळ्यात जन्मलेल्या बाळाची गोवराची लस नेमकी ऊसतोडीत येते, जिथं आशाताई ओळखीची नाही, अंगणवाडी कुठं आहे माहीत नाही, आणि कोपीला कोपी लागून पोरं एकत्र खेळतात. गोवर हवेतून पसरतो. लस न घेतलेली दहा मुलं गोवराच्या रुग्णाजवळ आली, तर त्यातल्या नऊ जणांना होतो. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीकडं, भिवंडीत, मालेगावात गोवराची साथ आली आणि त्यात लहान मुलं गेली. करोनाच्या काळात चुकलेले डोस हे त्याचं एक मोठं कारण होतं.

म्हणून आमच्या गटांनी काही गोष्टी ठरवल्या. फार मोठ्या नाहीत. तुमच्याही गटात करता येतील.

पहिली गोष्ट, नवरात्रातल्या बैठकीला प्रत्येकीनं बाळाचं माता-बाल संरक्षण कार्ड आणायचं. जिला वाचता येतं तिनं बाकीच्यांच्या कार्डावर पुढची तारीख काढून द्यायची आणि मोबाइलमध्ये टाकून द्यायची. कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाशेजारी ठेवायचं आणि सोबत न्यायचं. हरवलं तर भिंतीला टेकून बसू नका, नवीन मिळतं.

दुसरी गोष्ट, जिथं जाल तिथल्या सरकारी लसीकरणात बाळाला नेता येतं. गाव कोणतं, पत्ता कोणता, यावर लस अडत नाही आणि पैसे लागत नाहीत. कारखान्यावर पोचलं की पहिल्या आठवड्यातच जवळचं उपकेंद्र आणि लसीकरणाचा वार विचारून ठेवायचा. ऊसतोड, वीटभट्टी अशा जागी आरोग्य खात्याची माणसं येऊनही लस देतात. ती आली की पोरांना कोपीत लपवू नका. आणि मुकादमदादा, तुम्ही ऐकत असाल तर त्या दिवशी आईला दोन तास सोडा. खाडा धरू नका.

तिसरी गोष्ट, गावात डोसाचा वार असेल त्याच दिवशी, त्याच अंगणवाडीत गटाची बैठक. एक फेरी, दोन कामं. आणि ज्या बाळाला पेंटाचा डोस झाला, त्या घरी संध्याकाळी गटातली एक बाई डोकावून येते. ताप आहे का बघते, सासूबाईंजवळ पाच मिनिटं बसते. रात्री फोन करायचा तर कुणाला, तेही ठरलेलं असतं. दहा वेळा सांगण्यापेक्षा ही एक फेरी जास्त कामाला येते.

चौथी गोष्ट वडिलांची. एकदा तरी त्यांनी बाळाला घेऊन जायचं. ज्या बापानं स्वतः कानांनी ऐकलं की ताप येईल, तो रात्री बायकोवर ओरडत नाही.

तिथं गेल्यावर विचारायला लाजू नका. सिस्टरनं चार गोष्टी सांगायच्याच असतात. कोणती लस दिली आणि ती कशासाठी, काय त्रास होऊ शकतो आणि झाला तर काय करायचं, पुढचा डोस कधी, आणि कार्ड जपून ठेवून पुढच्या वेळी आणायचं. गर्दीत राहून गेलं तर आपण विचारायचं. आणखी दोन गोष्टी बघता येतात. लसीच्या बाटलीवर एक गोल खूण असते, तिच्या मध्ये चौकोन. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिकट असेल तर लस उष्णतेनं खराब झालेली नाही. आणि गोवर-रुबेला किंवा बीसीजीची बाटली पाणी घालून तयार केली की चार तासांच्या आत संपवायची असते, उरलेली टाकून द्यायची असते. "सिस्टर, बाटली कधी उघडली?" असं विचारलं तर चांगली सिस्टर रागावत नाही.

लस देणं सक्तीचं नाही. ते आईबापांनी समजून, विचार करून ठरवायचं असतं. आमचं मत विचाराल तर आमच्या सगळ्यांच्या मुलांना सगळे डोस दिलेले आहेत आणि तुम्हीही द्या, असंच आम्ही सांगू. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या एक ते दोन वर्षांच्या शंभर मुलांपैकी ६२ मुलांचे मुख्य डोस पूर्ण होते. २०१९ ते २१ च्या पाहणीत ७६ झाले. वाढ चांगली आहे, पण तेव्हाही चारातलं एक मूल मागे होतं. ते मूल कुणाचं आहे, हे आकड्यांत दिसत नाही. आपल्या बैठकीत मात्र दिसतं.

आमच्या त्या सभासदाची मुलगी आता अंगणवाडीत जाते. कानाला अजून औषध चालू आहे, त्या कानानं थोडं कमी ऐकू येतं. राहिलेले डोस तिच्या आईनं एकेक करून पुरे केले. आणि डोसाच्या संध्याकाळी दुसऱ्यांच्या घरी डोकावून येणारी बाई तीच आहे. सासूबाई रागावलेल्या असल्या तरी ती पायरीवर बसते, आधी बाळाला मांडीवर घेते आणि मग विचारते, "रात्रीचं काय ठरवलंय?"

मैत्रिणींनो, आज रेडिओ बंद केला की एक करा. बाळाचं कार्ड कुठं आहे ते शोधा आणि पुढची तारीख बघा. तारीख निघून गेली असेल तर येत्या लसीकरणाच्या दिवशी जा. कुणी काही बोललं, तर आमचं नाव सांगा.